आज सकाळपर्यंत उभा आहे

आबा, परवा मंडळीच्या तरुण पोरांनी तुमचा फ्लेक्स बनवला. चर्चचा वर्धापनदिन आलाय, जुन्या विश्वासू माणसांची आठवण करायची टूम निघाली आणि पहिलं नाव निघालं तुमचं. रेल्वेच्या ओळखपत्रावरचा तुमचा तो डोळे वटारलेला फोटो माझ्याकडून नेला आणि कॉम्प्युटरवर त्याला पुरतं सजवलं. डोक्यावर पितळी शिरस्त्राण, छातीवर उरस्त्राण, एका हातात ढाल, दुसऱ्या हातात तलवार, मागं आगीचे लोळ. खाली हातभर अक्षरांत लिहिलं, 'विश्वासाचा अजिंक्य योद्धा'. लोणावळ्यात पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लावतात तेवढा मोठा. मी बघितलं आणि इतकी हसले की नवे पाळकसाहेब गांगरलेच. पोरसवदा आहेत बिचारे, माझ्या मुलाच्या वयाचे. म्हटलं, साहेब, ह्या माणसाच्या हातात मी जन्मभर एक हातोडा आणि दोन झेंड्या बघितल्या. तलवार दिली असती तर आधी तिची मूठ पक्की बसलीय का ते ठोकून बघितलं असतं त्यांनी. मग हसू ओसरल्यावर सांगितलं की बाकी सगळं राहू दे, आगसुद्धा राहू दे, पण 'अजिंक्य' तेवढं खोडा. ते म्हणाले, का हो, ते तर शेवटपर्यंत खंबीर होते ना? म्हटलं, होते, म्हणूनच खोडा. त्यांना काही उमगलं नाही. मग म्हणाले, येत्या रविवारी तुम्हीच उभं राहून दहा मिनिटं त्यांच्याविषयी सांगा. तेव्हापासून मी वही घेऊन बसतेय आणि मंडळीला सांगायचं सोडून तुम्हालाच लिहीत सुटलेय.

तुम्ही रेल्वेत कीमन होतात. आताच्या पोरांना हेही समजावून सांगावं लागतं. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून मळवलीपासून कामशेतच्या अंगाला रुळांतून चालत जायचं, रूळ जागच्या जागी धरणाऱ्या लोखंडी चाव्या एकेक करून बघायच्या, ढिली दिसली की ठोकून बसवायची, आणि तसंच चालत परत यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा शाळेच्या सुट्टीत मी हट्टच धरला तेव्हा तुम्ही मला थोड्या अंतरापर्यंत नेलंत आणि गँगच्या मुकादमानं बघून न बघितल्यासारखं केलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, तुम्ही पुढं, मी कडेच्या पायवाटेनं मागं. तुम्ही एक चावी ठोकता आणि मी विचारते, "आबा, ही तर तुमी कालच ठोकली म्हणलात ना? मंग आज परत ढिली कशी?" तुम्ही म्हणता, "काल गाड्या न्हाई का गेल्या तिच्यावरनं?" मी म्हणते, मग तुम्हाला राग नाही येत? तुम्ही हातोडा जमिनीला टेकवून माझ्याकडं बघता, जणू मी फारच येडपट काहीतरी विचारलंय. "रुळावर कशाला रागवायचं? गाड्या जानारच. आपुन रोज यायचं."

दारूचंही तुमचं असंच होतं, आणि आता ते लिहायला मला लाज वाटत नाही. माझ्या जन्माआधीपासून तुम्ही प्यायचात. आजोबा नगरकडून रेल्वेच्या कामाला इकडं आले, येताना पवित्र शास्त्र आणि ही सवय दोन्ही घेऊन आले असं आई म्हणायची. मी पाचवीत असताना तुम्ही सोडलीत. सोडलीत म्हणजे, त्या दिवशी प्यायला नाहीत. मग दुसऱ्या दिवशी नाहीत. रेल्वेच्या फाटकापासून आपल्या क्वार्टरपर्यंत जेमतेम पाव मैलाची वाट, पण ती नेमकी करंजाच्या झाडाखालच्या गुत्त्यावरून जायची. दुसरी वाट होती, ओढ्यातून, पण पावसाळ्यात ती बंद. म्हणून आईनं मला कामाला लावलं. कार्ल्याच्या शाळेतून सुटले की फाटकाजवळ थांबायचं, आबा ड्यूटीवरून आले की त्यांचा हात धरायचा आणि घरी आणायचं. आई म्हणायची, "तू बरूबर असलीस की तेंचे पाय सरळ पडत्यात." तुम्हाला हे ठाऊक होतं. तुम्ही कधी कमीपणा मानला नाहीत. उलट माझा हात धरताना म्हणायचात, "चला, आली माजी पलटण." गुत्ता आला की तुमची बोटं माझ्या हातावर आवळायची. कधीकधी इतकी की दुखायचं. मी हात सोडवून घ्यायची नाही. तुम्ही त्या बाजूला बघायचातही नाही, नुसते ओठ हलायचे. प्रार्थना काय करता म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "काय न्हाई गं, हजेरी लावतो."

रविवारी लोणावळ्याच्या चर्चमध्ये उपासनेनंतर साक्ष द्यायची पद्धत होती, अजूनही आहे. ज्याला त्या आठवड्यात देवाचा अनुभव आला त्यानं उठून सांगायचं. लोक लांबलचक सांगायचे. माझ्यावर हल्ला झाला, मी सैतानाला पायाखाली तुडवलं, मला संपूर्ण विजय मिळाला. प्रत्येकाचा विजय संपूर्णच. तुम्ही उठायचात, शर्टाची बाही खाली ओढायचात आणि म्हणायचात, "आज सकाळपर्यंत उभा आहे. देवाची स्तुती असो." आणि खाली बसायचात. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ही एवढीशी कसली साक्ष? तेव्हाच्या जुन्या पाळकसाहेबांनाही ते खटकायचं, पण माणूस चांगला म्हणून त्यांनी तुम्हाला रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायला ठेवलं होतं, आणि एका वर्षी तुम्हाला मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत घ्यायचं घाटत होतं. तुम्ही आम्हा मुलांना पवित्र शास्त्रातल्या विश्वासाच्या शिपायाची शस्त्रं शिकवायचात, शिरस्त्राण, ढाल, तलवार, पायताण. सगळी पोरं तलवारीवर तुटून पडायची. तुम्ही म्हणायचात, आधी पायताण बघा, ज्याचे पाय धड नाहीत त्याची तलवार काय कामाची. आणि हे शंभरदा सांगायचात की आपली लढाई माणसांशी नाही. त्या गुत्तेवाल्याशीसुद्धा नाही. त्याची बायको आजारी पडली तेव्हा तिला खाटेवरून स्टेशनात नेणाऱ्या चौघांत तुम्ही होतात.

आता तो रविवार. मी सातवीत. पुण्याहून पाहुणे आले होते, चर्च भरलेलं, आणि मंडळीसमोर पंचांची नावं मांडायची होती. तुम्ही नेहमीची आपली एका ओळीची साक्ष द्याल आणि पाहुण्यांना वाटेल ह्या माणसात काही दम नाही, ह्या भीतीनं मी तुमच्या आधीच उठले. मुलंही उठायची कधीकधी, त्यामुळं कुणी अडवलं नाही. मी तोपर्यंत ऐकलेले सगळे मोठे शब्द एका दमात वापरले. म्हटलं, माझ्या वडिलांनी दारूच्या सैतानाला कायमचं हरवलंय, दोन वर्षांत त्यांनी गुत्त्याकडं ढुंकूनही बघितलं नाही, त्यांना संपूर्ण विजय मिळालाय. लोकांनी जोरात आमेन म्हटलं. पाळकसाहेबांचा चेहरा फुलला. आणि तुम्ही उठलात.

मला अजून तुमचा आवाज ऐकू येतो, ठाम, घाई नसलेला. "पोरगी मायेनं बोलली, पन तसं न्हाई. म्या गेल्या गुरुवारी गुत्त्याच्या दारात गेलतो. आत न्हाई गेलो. पन दारापत्तर गेलतो, आनि लय वेळ उभा व्हतो. यात कुनाचा दोष न्हाई, माजेच पाय गेले. मागं फिरलो ते देवाच्या दयेनं. आज सकाळपर्यंत उभा आहे." आणि बसलात. आमेन कुणीच म्हटलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. पंचांच्या यादीतून तुमचं नाव गेलं. दोन दिवसांनी पाळकसाहेब क्वार्टरवर आले, आईच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "तुमच्याविषयी आदर आहे, पण अशा परिस्थितीत मुलांना शिकवणं बरं दिसत नाही." आई बोलायला लागली तशी तुम्ही तिला हातानं थांबवलंत. "साहेबांचा हुकूम हाय, मानायचा." ते गेल्यावर मी भडाभडा रडले. कुणी विचारलं होतं तुम्हाला? गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? तुम्ही मला समोर बसवलंत. मला वाटलं आता मार बसणार. "माज्यासाटीसुदा खोटं बोलायचं न्हाई," म्हणालात. "आनि जिकलो जिकलो म्हणून वरडू नये. जिकायचं काम देवाचं हाय, आपल्याला जागा सोडायची न्हाई एवडंच सांगितलंय." मी महिनाभर तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्ही मात्र रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन चर्च झाडायचात आणि शेवटच्या बाकावर बसायचात. ज्या पोरांना शिकवायचात त्यांच्या चपला दारात ओळीनं लावून ठेवायचात. तेवढं करायला कुणाची मनाई नव्हती.

आणि मग ते दुपारचे पाहुणे सुरू झाले. आधी मंडळीतले एक शिक्षक आले, सगळ्यात जोरात साक्ष देणारे. ओट्यावर बसले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि उठता उठता म्हणाले, "तुम्ही दारात उभे होता तेव्हा मागं कसे फिरलात?" घरात लपवून पीत होते ते, कित्येक वर्षं. नंतर लोणावळ्याच्या एका हॉटेलातला आचारी आला, मग वडिवळ्याकडचा एक शेतकरी, त्याचा तर आपल्या मंडळीशी काही संबंधही नव्हता. तुम्ही कुणाला प्रवचन दिलं नाहीत. त्यांच्याबरोबर चालायचात. त्या शिक्षकांना तर तुम्ही वर्षभर संध्याकाळी स्टेशनपासून घरापर्यंत पोचवलंत. आई साखर संपते म्हणून कुरकुरायची आणि चहा टाकायची. पाच-सहा माणसं होती आबा, जास्त नाहीत, आणि त्यांतला एक परत घसरला तो कायमचाच. पण बाकीच्यांच्या घरात पोरं सुखानं जेवली. अजिंक्य माणसाच्या ओट्यावर ती आली नसती हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

तुम्हीही एकदा घसरलात. धाकटे काका गेले त्या आठवड्यात. रविवारी उठून तेही सांगितलंत आणि पहिल्या दिवसापासून परत सुरुवात केलीत. त्यानंतर मात्र मरेपर्यंत नाही. तुमच्या मातीला करंजाच्या झाडाशेजारी शेत असलेला एक शेतकरी आला होता. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुजा बाप त्या दिशी गुत्त्याच्या दारात उभा व्हता ना, म्या बांदावरनं बघत व्हतो. दोन गाड्या गेल्या रुळावरनं तरी हलला न्हाई. आतून हाका मारत व्हते. मला वाटलं, गेला आता ह्यो. मंग हातोडा उचलला खांद्यावर आनि चालाय लागला की सरळ. एकटा. लय जड गेलं असंल बग." मातीच्या वेळी मी रडले नव्हते. ह्या बोलण्यावर मात्र पार कोसळले, आणि लोकांना वाटलं दुःखानं. दुःख होतंच, पण छाती अभिमानानं फुटायची वेळ आली होती.

मी आता लोणावळ्याच्या एका हॉटेलात खोल्यांच्या साफसफाईची सुपरवायझर आहे. सोमवारी सकाळी खोल्यांतून बाटल्या गोण्या भरभरून निघतात. हाताखालच्या मुली नाक मुरडतात. मी त्यांना म्हणते, पिणाऱ्याला नावं ठेवू नका, कोण कुठं लढतोय ते आपल्याला दिसत नाही. त्या म्हणतात, मॅडम, तुम्ही फार मोठ्या मनाच्या. मी मोठ्या मनाची बिनाची काही नाही. मी कीमनची मुलगी आहे, आणि हे मी अलीकडं कुणी न विचारता सांगते.

रविवारी मंडळीला हे सगळं सांगेन. पाळकसाहेबांनी 'अजिंक्य' खोडलंय, त्या जागी 'विश्वासू' घातलंय, तलवार तशीच ठेवलीय. हे पत्र मात्र वहीतच राहील, कारण ह्यात एक गोष्ट आहे जी मी त्या माईकवर बोलू शकेन की नाही, मलाच ठाऊक नाही. तुम्ही गुत्त्याच्या दारात उभे राहिलात त्या गुरुवारी शाळेत बाईंनी थांबवून घेतलं म्हणून मी फाटकावर आले नाही असं मी आईला सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी आले होते. वर्गातल्या मुली बरोबर होत्या, आणि तुम्ही तेलकट कपड्यांत, खांद्यावर हातोडा, 'आली माजी पलटण' म्हणून त्यांच्यासमोर ओरडाल ह्याची मला लाज वाटली. मी रसवंतीच्या गाड्यामागं लपले. तुम्ही फाटकापाशी थांबलात, कार्ल्याच्या रस्त्याकडं कितीतरी वेळ बघत राहिलात, फाटकवाल्याला माझ्याविषयी विचारलंत, आणि मग एकटे निघालात. मी हे सगळं बघत होते, आबा. आणि मी हाक मारली नाही.