दुपारी दोन ते पावणेतीन

ती. अक्कांस सादर नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत, साखर किती आली, कानातलं नवं यंत्र शिट्टी मारायचं थांबलं का, ते सविस्तर कळवा. (हे आधीच विचारून टाकतो. तुमची बहीण पत्रात डोकावलीच, तर पहिल्या ओळी तरी निर्दोष दिसाव्यात.) आम्ही दोघं मजेत आहोत, असं परवापर्यंत मी बेधडक लिहिलं असतं.

झालं असं, की घरचं इंटरनेट बंद पडलं म्हणून कंपनीचा तंत्रज्ञ आला. शिडीवर चढून वायर तपासता तपासता तो सहज बोलून गेला, की तुम्ही कुठल्या साइटवर कधी जाता, ते कंपनीला दिसतं. माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण केलेला माणूस मी. मला नजर ठेवायची सवय, ठेवून घ्यायची नाही. त्याला शिडीवरच धारेवर धरलं, कंपनीला चार पानी तक्रार लिहिली, इंटरनेटच्या डब्यावर उशीचा अभ्रा घातला (उपयोग शून्य, डबा मात्र तापला) आणि जेवताना तुमच्या बहिणीला खासगीपणावर व्याख्यान झोडलं. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "माझी पत्रं तुम्ही फोडता, पर्स उचकटता, फोन ठेवला की कोण होतं विचारता. कंपनी निदान विचारत तरी नाही." आता अक्का, पत्रं मी फोडतो ती कात्रीनं, कडेनं, व्यवस्थित. पण तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी ती भाजीला गेल्यावर मी तंत्रज्ञाला पुन्हा बोलावलं. म्हटलं, दाखव काय दिसतं ते. कंपनीची नोंद देता येत नाही म्हणाला, पण आमच्या डब्यातही तशीच यादी राहते, ती त्यानं उघडली. (फक्त साइटचं नाव दिसतं, आत कुठलं पान वाचलं ते नाही, असं बिचारा समजावत होता. इमारतीवरची पाटी दिसते, खोली दिसत नाही.) माझ्या बातम्या होत्या, शब्दकोडी होती, बद्धकोष्ठाच्या औषधांची साइट होती. आणि एका वृद्धाश्रमाची साइट. गेले तीन आठवडे, रोज, दुपारी दोन ते पावणेतीन.

त्या वेळी मी झोपलेला असतो, अक्का. आणि घरात माणसं दोनच.

तंत्रज्ञाला चहाही न विचारता वाटेला लावलं. तिला मात्र काही विचारलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच विचारायची छाती झाली नाही. हल्ली दुपारी नुसता डोळे मिटून पडतो. फार वाईट वाटतंय.

कळावे,
तुमच्या बहिणीचा नवरा (अजून तरी)

ता. क. गुडघ्यांचं निमित्तच होतं, रागावू नका. ती तुमच्यापासून काही लपवत नाही. तिला एवढंच विचारून कळवा: खोली एकाची बघते आहे, की दोघांची?

(पाकिटाच्या पाठीवर) पाकीट बंद झालं, म्हणून हे इथे. पोस्टमननं वाचलं तरी वाचू दे. तुमचा नवा पत्ता तिलाच ठाऊक, म्हणून पाकीट उघडंच तिच्या हातात दिलं होतं. डोकावेल असं वाटलं होतं. डोकावावं, असंही वाटत होतं. तिनं पत्ता लिहिला, आत न बघता डिंक लावला आणि परत दिलं.