गळ्यातला स्टेथोस्कोप

मंगळवार, संध्याकाळ. लोणावळा

आमच्या इथल्या रुग्णालयाचा आधीचा व्यवस्थापक हॉटेल-धंद्यातून आलेला; नवा स्वतः डॉक्टर. ‘आता कारभार सुधारणार’ ही बातमी आमच्या पेपरात मीच दिली. उद्या आईला तिथेच दाखल करायचंय, म्हणून आज डोकावलो. साहेब गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून फायलींवर सह्या करत होते. फायलींची छाती तपासणं कुठल्या संहितेत येतं?

बाहेर बाकावर वडिवळे गावच्या एक मावशी होत्या; त्या नवऱ्याला दर आठवड्याला डायलिसिसला आणतात. त्यांना विचारलं, “नवे साहेब वॉर्डात येतात?”

“न्हाई बा. हाटेलवाला रोज यायचा. गरम पानी मिळालं का, इचारायचा. तुमीच छापलं न्हवं, लय सुधारनार म्हनून?”

तो स्टेथोस्कोप खोलीबाहेर पडतो तरी का?

घरी येऊन आईच्या पिशवीत थर्मास ठेवला. ती म्हणाली, “अरे, आता तिथे डॉक्टरच साहेब आहेत ना?”

म्हटलं, “म्हणूनच.”