नारळ, लिंबू आणि गुरुत्वाकर्षण

तीर्थस्वरूप आक्काताईस,

धाकट्या बाबासोचा उचगावाहून दंडवत. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही इथे ठणठणीत आहोत, फक्त गल्लीतले लोक माझ्याशी बोलत नाहीत. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि निम्मा कळंबा ऐकत बसतो, म्हणून पत्र.

निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गल्लीतल्या पोरांना गच्चीवर विज्ञान शिकवतो, हे तू जाणतेसच. (मी बागकाम करावं असं तुझं म्हणणं, पण बाग प्रश्न विचारत नाही.) यंदा गुरुत्वाकर्षण घेतलं. जड आणि हलकी वस्तू एकदम सोडली तर दोन्ही जवळजवळ बरोबरच खाली पोचतात, हे काही पोरांना पटेना. समोरच्या धोंडुबाईंची नात तेजस्वी तर सरळ म्हणाली, "काका, दावा की मग!" आधी कबुतराचं पीस आणि खलबत्त्यातला बत्ता घेतला. पीस तरंगत तरंगत वर्गातल्या शिफाच्या घराकडे निघून गेलं आणि बत्त्यानं आमची अंगणातली फरशी फोडली. पिसाला हवा अडवते, हे मी पोरांना समजावलं. फरशीचं तुझ्या भावजयीला समजावता आलं नाही. तेव्हा दोन्ही वस्तू गोल आणि भरीव हव्यात, असा शास्त्रीय निर्णय घेऊन मी स्वयंपाकघरातून एक नारळ आणि एक लिंबू उचललं.

आता नीट वाच, म्हणजे माझी चूक कुठेच नाही हे तुला दिसेल. पोरांना लांबून ठळक दिसावं म्हणून दोन्हींना देव्हाऱ्यातलं कुंकू फासलं. लिंबू कठड्यावरून सारखं घरंगळायचं, म्हणून त्याला टाचण्यांचे पाय केले. खाली माझी स्कूटर उभी होती, म्हणून दोन्ही जरा पुढे भिरकावली. आणि त्या दिवशी अमावस्या होती, हे मला कसं कळणार? मी कॅलेंडर फक्त दुधाचे खाडे बघायला उघडतो. पोरांनी एक, दोन, तीन म्हणत गल्ली दणाणून सोडली.

समोर धोंडुबाई वर्षाच्या चटणीच्या मिरच्या वाळत घालून राखत बसल्या होत्या. नारळ मिरच्यांच्या मधोमध फुटला आणि लिंबू टाचण्यांसकट त्यांच्या पायाशी येऊन थांबलं. "काय वं बाबासो, भर अवसंला आमच्या दारात करणी करताय व्हय?" मी वरूनच शांतपणे सांगितलं की ही करणी नव्हे, पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते. त्यावर बाई कडाडल्या, "पृथ्वी सगळीकडं हाय की! मग आमच्याच दारात कसं वडलं?" प्रश्न रास्त होता. (तेजस्वीला शंका काढायची बुद्धी कुठून आली, ते मला तेव्हा कळलं.) पण उत्तरात स्कूटरचा विषय काढावा लागला असता, म्हणून मी खाली उतरलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून एकही पोर गच्चीवर येईना. वर्गातल्या फरहानच्या आईचा करणीवर काडीचा विश्वास नाही, पण तीही म्हणाली, "सर, तुमच्यावर भरवसा हाय, पर नारळावर न्हाय." मी रोज चटई अंथरतो, फळा पुसतो आणि एकटाच बसतो. आक्का, फार वाईट वाटतं गं. काल तेजस्वीनं खिडकीतून हळूच विचारलं, "काका, आधी कुठलं पडलं वं?" पोरांनी आवाजाच्या भीतीनं डोळे मिटले होते आणि मी स्कूटर बघत होतो. सगळ्या उचगावात गाजलेला प्रयोग, आणि निकाल कुणीच पाहिला नाही. त्या पोरीला उत्तर दिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तरी तू काळजी करू नकोस. विज्ञान हरत नसतं आणि तुझा भाऊही. भाऊजींना नमस्कार सांग, नातवंडांना गोड पापा.

तुझा,
बाबासो

ता. क. धोंडुबाईंचा निरोप आहे की असली बाधा कळंब्याच्या आक्काताईंच्या हातूनच उतरते. तू येऊन त्यांच्या दारावरनं नारळ-लिंबू उतरून टाकलंस तर त्या तेजस्वीला पुन्हा पाठवतील, आणि ती आली की बाकीचीही येतील. तुझ्या उताऱ्यांबद्दलचं माझं मत तुला ठाऊक आहे आणि ते तसूभरही बदललेलं नाही. रविवारी सकाळी लवकर ये.

पुन्हा ता. क. उतरलेला नारळ आणि लिंबू तू टाकणारच. तर ते तिठ्यावर नको, आमच्या गच्चीवरून शेजारच्या मोकळ्या प्लॉटात टाक. अख्खी गल्ली बघायला येणार आहे, धोंडुबाई तेजस्वीला हाताशी धरून उभ्या राहणार आहेत (सगळ्यांना मी लांबच उभं करतो), आणि तुझा उतारा चालू असताना डोळे मिटायची कुणाची छाती होणार नाही. मंत्र कुठलाही म्हण, आक्का. दोन्ही मात्र एकदम सोड.