साचल्या पाण्यातली चारपानी

४ ऑगस्ट, दौंड
पावडर झाली. दोन बाटल्या. 'पाट': मांडवगणला आमच्या शेताकडेच्या वाहत्या पाण्यातली चारपानी. 'चारी': इथं कॉलेजमागच्या साचल्या चारीतली. दिसायला सारखीच, मुळं चिखलात, वर चार पानं. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, दोन ठिकाणं कशाला? म्हटलं, तुलना. आणि बाटल्यांना लेबलं चिकटवली.

७ ऑगस्ट
जांभळ्या द्रावणात अर्क टाकला, रंग उडून पिवळा झाला. म्हणजे पानात अँटिऑक्सिडंट आहेत. आई या पाल्याची लसूण-मिरची घालून भाजी करायची. "अंगातला शीण जातो गं." तिचं काहीतरी खरं निघालं. हसू यायला हवं होतं, रडू आलं. हातांचा हिरवा वास साबणानंही जात नाही.

११ ऑगस्ट
जंतू वाढवायला ठेवलेल्या प्लेटा तपासल्या. अर्काभोवती जंतू वाढलेच नाहीत, स्वच्छ गोल. पाट आणि चारी, दोन्हींचे सारखेच. नुसत्या द्रावकाभोवती असा गोल नाही, म्हणजे गुण पाल्याचाच. मॅ. खूश, "पेपर होतोय बघ." मलाही सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यांना भजी दिली. दुपारी वर्गात शिकवताना एकदम आठवलं, अर्कात पाण्यातले जंतू जिवंत उरतच नाहीत. आईच्या पायाला मी अर्क लावला नव्हता.

१२ ऑगस्ट
लिहूनच टाकते. गेल्या वर्षी आईच्या तळपायात उसाचा खुंट घुसला. तिला साखरेचा आजार. डॉक्टरचं औषध चालू होतं, तरी हट्ट, चारपानी वाटून लाव. तीही पाटावरचीच. साचल्या पाण्यातली खायची नाही, लावायची नाही, हा तिच्या माहेरचा नेम. शनिवारी घरी जाताना पाटापर्यंत चालायचा कंटाळा केला. चारीतली हिरवीगार दिसली, खुडून नेली.
"कुठनं आणलीस गं?"
"पाटावरनं."
तीन आठवड्यांत गेली. जखम चिघळली, विष अंगभर झालं.
आणि मी पोरांना जंतू शिकवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

१४ ऑगस्ट
काल कच्ची पानं वाटून प्लेटवर पसरली होती. पाटाच्या प्लेटवर जंतूंचे तुरळक ठिपके. चारीची प्लेट भरून गेली. मॅ. म्हणाल्या, हे तुझ्या विषयात नाही, टाकून दे.
टाकली नाही. आईच्या पुवाचा रिपोर्ट काढला. त्यातला जंतू चारीच्या प्लेटवर आहे. पण तो शेणात असतो, आपल्या पोटातही असतो. कुठूनही आला असेल. म्हणजे मी दोषीही ठरत नाही आणि सुटतही नाही. नुसती प्लेट बघत बसलेय.

१७ ऑगस्ट, मांडवगण
आप्पा ओट्यावर झेंडू निवडत होते. त्यांना सगळं सांगून टाकलं. वडिलांना आपण मारेकरी आहोत म्हणून कसं सांगायचं, याची तयारी वाटभर केली होती. एकही वाक्य उपयोगी पडलं नाही.
ते फुलं निवडत राहिले. मग म्हणाले, "तिला ठावं व्हतं."
"काय?"
"चारीची हाय त्ये. वाटताना वासावरनंच वळखलं तिनं. मी म्हनलो, फेकून देतो. तर म्हनली, पोर दमून आलीया, तिच्या म्होरं नगं. लावू द्या तिला."
माझ्या हातून लावून घेतलं. मी पाय मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा तिनं केसांवरून हात फिरवला होता.
विचारलं, "मी गेल्यावर धुतलं का?"
आप्पांनी एक फूल देठापासून मोडलं. "धुतलं आसंल की. मला आता न्हाई आठवत. चल, जेवून घे."
जेवायला चारपानीच केली होती. पाटावरची. दोनदा वाढून घेतली.
आई म्हणायची, तुझ्या बापाला खोटं बोलायला येत नाही. माझ्याबद्दलही ती हेच म्हणायची.