खुंटीवरचा खाकी सदरा

मोहटोली, पारशिवनीजवळ
दि. २१ फेब्रुवारी १९७९

भाई बळीराम यास कवडूचा सप्रेम जयभीम.

मी इकडे पोचलो. तू अन् खोलीतले सगळे बरे असाल. दुर्गवरून गाडीत उभ्यानंच आलो, नागपुरात उतरून पारशिवनीची मोटार धरली. मोटारीत शेजारच्या बाईनं विचारलं, कोणत्या गावचा गा, तं मले गावाचं नावच आठवेना. थकलो असन.

तारेत 'वादळ, लवकर ये' एवढंच होतं. वादळ म्हणजे वारा अन् गारा दोन्ही. छपराचे कवेलू अर्ध्याहून जास्त फुटले. वानरं छपरावर नाचू नये म्हणून बाबानं कवेलूंवर बोरीच्या काट्या टाकून ठेवल्या होत्या. त्या उडून अंगणात, न्हाणीत, विहिरीत पडल्या. आल्यापासून पायातले काटेच काढून राहिलो. वानरांले मात्र मजा झाली. उघड्या छपरातून एक आत उतरलं अन् मायच्या डोळ्यांदेखत गुळाची ढेप घेऊन गेलं. मायनं त्याले हाकललं पण नाही.

गुरांच्या कोठ्याजवळचं मोहाचं झाड कोठ्यावरच पडलं. बैल वाचला, गाय वाचली.

गहू पार झोपला. हरभरा तेवढा उभा आहे अन् वर्षभराचं खाणं आता त्याच्यातच. कुंपण उडालं अन् आमचं वावर रानाले लागून, म्हणून रानडुकरांची वाट मोकळी झाली. डुकरं एका रातीत सगळं वावर नांगरून टाकते. हरभरा निघेपर्यंत कोणीतरी पाहिजे.

तू निघताना म्हणाला होता, बाबाले जयभीम सांग. त्याचं मंग लिहितो.

मुकादमाले सांग, सोमवारी हजर होतो, माझं नाव कापू नको. मायले संग घेऊन येतो. तिच्यापुरती एखादी खोली पाहून ठेव. माझ्या खाटेवर त्या सिंगभूमच्या पोराले झोपू देऊ नको, तो डोक्याले तेल थापून झोपते. अन् खुंटीवरचा माझा खाकी सदरा धोब्याले दे. भट्टीच्या घामानं तो आता खुंटीशिवाय पण उभा राहीन.

तुझा
कवडू


मोहटोली
दि. ४ मार्च १९७९

भाई बळीराम, जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. सोमवार गेला हे मले माहीत आहे. मुकादम शिव्या देते ते पण समजलं. आणखी थोडं थांबव त्याले.

छप्पर झालं. शेजारचे नत्थूकाका वर बसले अन् मी खालून कवेलू दिले. माझे हात सोलले तं काका म्हणाले, "कारे भिलाईवाल्या, पोलादाच्या कारखान्यात राहून हात लोण्याचेच राहिले का गा?" मी हसलो. हसाले येते मले, रडाले येत नाही. काय झालं कोणास ठाऊक.

तू विचारलं, बाबा काय म्हणते. बाबा नाही आहेत. मोह पडला तवा ते कोठ्यात होते. गाय सोडली, बैलाचं दावं कापलं, बैल बाहेर आला. ते नाही आले. मी पोचलो तवा माती देऊन झाली होती. गावानं वाट पाहिली म्हणते, पण मोटार रामटेकवरून फिरून आली, रस्त्यात झाडंच झाडं. मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. असं आहे ते.

आता दुसरं सांगतो.

आमच्या बाबाची एक रीत होती. अंगातली बंडी न धुता रोज घालाची, वावरात राबाचं, घामानं पार आंबली की वावराच्या कोपऱ्यावर काठीले बांधाची. असे चारही कोपऱ्यांवर त्यांचे कपडे. डुकराले डोळ्यानं कमी दिसते, नाकानं जास्त कळते. माणसाचा ताजा वास आला की ते आत येत नाही. मी लहानपणापासून ते पाहत आलो अन् मले त्याची लाजच वाटे. पोरं म्हणत, तुया बापाचे चड्ड्या-बनियान गावभर. भिलाईले पळालो त्यात तेही एक असन.

वादळात ते कपडे उडाले, चिखलात पडले. बाबाचा सातव्या दिवसाचा कार्यक्रम होता, लोक येणार होते. बाबाचे कपडे असे चिखलात कसे दिसते म्हणून मी सगळे गोळा केले अन् नाल्यावर नेऊन धुतले. चांगला सोडा लावून, दगडावर आपटून. वाळून पांढरे झाले तं मलेच बरं वाटलं. आल्यापासून एक काम नीट झालं म्हटलं.

मायनं पाहिलं. दोरीवरची बंडी काढली, नाकाले लावली. परत लावली. मंग खाली बसली.

"काहून धुतले गा बापू?"

एवढंच. आवाज पण चढवला नाही. बंडीची घडी केली अन् पाहुण्यांसाठी चहा ठेवाले गेली.

त्याच रातीत डुकरं आली. सकाळी पाहिलं तं नाल्याकडचा हरभरा गेला होता, जमीन उकरलेली, जसं कोणी घाईघाईनं काही शोधलं. मी माझा नायलॉनचा सदरा काढून तिथं बांधला. नत्थूकाकांनी हुंगून पाहिला.

"काय साबण लावते गा तू! डुक्कर म्हणन पाव्हणा आला होता, चहा पिऊन गेला."

लोक हसले. माय पण थोडी हसली. डुकरं दुसऱ्या दिवशी त्याच सदऱ्याखालून आत गेली.

मायले म्हटलं, चल भिलाईले. हरभरा गेला तं गेला. ती म्हणाली, "मी आले तं इथं वास कोणाचा राहीन?"

खाट धरून ठेव. आठवड्यात काय ते कळवतो.

कवडू


मोहटोली
दि. १० मार्च १९७९

भाई बळीराम,

मोह कापून झाला. खोड सरकवलं तवा खाली बाबाचा खांद्यावरचा दुपट्टा सापडला. शेणानं, मातीनं भरलेला, पण त्यांचाच. नत्थूकाकांनी तो मायच्या हातात दिला अन् बाकीचे आम्ही तिकडं पाहणं सोडून फांद्या ओढत बसलो.

मले वाटलं ती तो पेटीत ठेवन. ठेवाचाच ना? दुसरं काय राहिलं आहे तिच्याजवळ? ती तशीच उठली, वावरात गेली, नाल्याकडच्या काठीले तिनं तो घट्ट बांधला. मी मागं गेलो. म्हटलं, माय, पाणी आलं तं जाईन त्याचा वास. ती म्हणाली, "आला तवा आला. आज तं आहे ना."

बळीराम, त्या कोपऱ्यातून डुक्कर आलं नाही. सकाळी पायांचे ठसे पाहिले. काठीपर्यंत येऊन वळली होती. मी तिथं बसलो. दुपट्टा नाकाले लावला. तंबाखू, बैल अन् घाम. मंग मले जे व्हायचं ते झालं. कोणी नव्हतं तिथं, बरं झालं.

आता मी कुंपणाच्या काट्या तोडून राहिलो. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. अंगातली बंडी बदलली नाही. बाबाचीच आहे, ती धुतलेली. नत्थूकाका काल जवळून गेले अन् नाक धरून म्हणाले, "आता जमलं गा!"

पण कोपरे चार अन् दुपट्टा एकच, माझ्या अंगावरची बंडी एकच. म्हणून लिहून राहिलो. मुकादमाले सांग, नाव काप. खाट त्या सिंगभूमच्या पोराले दे, तेल लावू दे त्याले पाहिजे तेवढं. माझी पेटी राहू दे, कोणी इकडं येणारा भेटला तं पाठव.

पण तो खाकी सदरा आधी पाठव. धोब्याले दिला नसशील तं देऊ नको. झटकू पण नको. कागदात गुंडाळून, सुतळी बांधून, जसा खुंटीवर आहे तसाच पाठव.

कवडू देवराव
मोहटोली