फ्लॉवरच्या चित्रावरची सही

बॉथेल, अमेरिका, शनिवार, १६ ऑक्टोबर २००४

काय वेंधळेपणा केला मी आज! लायब्ररीत माझी आवडती ब्रिटिश लेखिका आली होती. जुन्या सरदारघराण्यांतल्या प्रेमकथा लिहिते, आता ऐंशीची आहे. आधी वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. पहिली कादंबरी पंचेचाळिशीत लिहिली, जेवणाच्या सुट्टीत, आणि लोक काय म्हणतील म्हणून टोपणनावाने. नवऱ्यालाही तिसऱ्या पुस्तकापर्यंत पत्ता नव्हता.

सहीसाठी पुस्तक पुढे केलं आणि बघते तर इंडियन ग्रोसरीच्या जाहिरातीचं कव्हर तसंच! सासूबाई पुण्याहून आल्यापासून मीच घातलेलं. मुखपृष्ठावर ते मिठी मारलेलं जोडपं, त्यांनी बघितलं तर? लेखिकाबाईंनी विचारलं, "यात काय दडवलंयस?" मी म्हटलं, "मळू नये म्हणून." त्या हसल्या. "दडव. मीही दडूनच लिहिलं." आणि सही केली ती थेट कव्हरवर, फ्लॉवरच्या चित्रावर. मी "थँक यू" म्हणून मोकळी!

आता हे कव्हर टाकूनही देता येईना. घरी आल्यावर पुस्तक कुठे ठेवू असं चाललं होतं, तेवढ्यात सासूबाईंनीच ते हातातून घेतलं. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय त्यांनी, हे मी विसरलेच कशी? सही निरखून शांतपणे म्हणाल्या, "आता हे जपून काढायला हवं हं. एरवी तू ऑफिसला गेलीस की मी रोज काढते आणि परत घालते, ते वेगळं."