संध्याकाळी पाच ते सहा

४ नोव्हेंबर

तीर्थरूप मावशीस,
ठोंब्याचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इंटरनेट कंपनीने दिलेली ती चकचकीत सीडी कपाटावर टाक, नाहीतर चहाच्या कपाखाली घाल. ती एकदा संगणकात शिरली की कंपनीच्या जाहिराती घरजावयासारख्या ठाण मांडतात आणि यंत्र रडतखडत चालतं. आमच्या दुकानात रोज अशी यंत्रं दुरुस्तीला येतात.

तिच्यावाचून काही अडत नाही. संगणकातच ‘नवी जोडणी’ म्हणून सोय असते. ती उघड, कंपनीचा फोन नंबर घाल, मग कागदावर दिलेलं नाव आणि पासवर्ड. फोनची तार काढून संगणकामागच्या खाचेत बसव. शिट्टी वाजेल, खरखरेल, घाबरू नकोस. तेवढा वेळ घरचा फोन मात्र लागणार नाही.

तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसून तू अख्ख्या गावाचे फोन जोडलेस, हा तर तुझ्या डाव्या हातचा मळ. माझी एक ईमेल तिथे तुझी वाट बघते आहे. एकदा जमलं की ही पत्रांची कटकट संपली.

लोभ आहेच, आता तो तारेतूनही येऊ दे.
तुझा ठोंब्या

११ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,
मावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

सांगितलंस तसं सगळं केलं. शिट्टी वाजते, खरखरतं आणि पुढे ठप्प. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हण हवं तर. पुन्हा नीट लिहून पाठव, कितीही पानं झाली तरी चालतील. घाई नाही.

समोरचे मास्तर मुलीकडे राहायला गेले, त्यामुळे जिन्यात पावलं वाजत नाहीत. तुझी खोली कशी आहे, खिडकी कुठे उघडते, यातलं काहीच लिहिलं नाहीस. आणि मफलर घेत जा, परवापासून तिकडे पारा उतरलाय.

माया आहेच, ती मागायला नको.
तुझी मावशी

६ डिसेंबर

तीर्थरूप मावशीस,
सा. न. वि. वि.

तीच कृती तिसऱ्यांदा लिहितो आहे, सोबत चित्रही काढलंय. खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते. भिंतीवर एक पाइप आहे, तोच माझा शेजारी. जेवताना समोर मासिक उघडं ठेवतो, म्हणजे बरं वाटतं.

सोमवारी मालक बाहेर होते म्हणून दुकानातून तुला फोन लावला. पाच वाजता बिझी, साडेपाचला बिझी. मंगळवारीही तेच. एवढं कुणाशी बोलत होतीस?

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा ठोंब्या

१२ डिसेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

कुणाशीच बोलत नव्हते रे. तुझ्या पहिल्या पत्रानेच, पहिल्या फटक्यात जोडणी झाली. तुझी ईमेल उघडली. ‘पोचलं का?’ एवढंच. तुला शाळेत सोडलं त्या पहिल्या दिवशीही तू याहून जास्त बोलला होतास. वाटलं, हे जमलं असं सांगितलं तर यापुढे एवढंच मिळणार. म्हणून खोटं बोलले.

रोज पाच ते सहा मी तुझ्या शहराचं हवामान उघडून बसते. तिकडे ऊन पडलं की मला बरं वाटतं. इथे फोन कुणाचा येत नाही, तार काढली तर काय बिघडलं, असं धरून चालले होते. आणि तू केलास तेव्हा लाइन मीच अडवलेली. तीस वर्षांत कुणाचा कॉल असा चुकवला नव्हता. फार वाईट वाटतंय.

रागावलास तर चार पानं भरून रागव.
तुझी मावशी

१८ डिसेंबर

तीर्थरूप मावशीस,
सा. न. वि. वि.

मफलरचं वाचलं तेव्हाच शंका आली होती, फोन बिझी लागल्यावर खात्री झाली. तरी कृती लिहीत राहिलो. दुकानातून खोलीवर आलो की कुणाला तरी काहीतरी सांगायला मिळायचं.

मंगळवारी बिझीची ती टूं टूं मी बराच वेळ कानाला लावून उभा होतो. तू घरात आहेस, एवढं तरी त्यातून कळत होतं.

आता शेवटची पायरी, हिला चित्र लागणार नाही. रविवारी पावणेपाचला संगणकाची तार काढ आणि परत फोनला लाव. मालकांना विचारून ठेवलंय, पाच वाजता दुकानातून करतो.

पत्रंही लिहीनच. पण रविवारी पहिल्या घंटेला उचल.
तुझा ठोंब्या